खाकरणं

माझा हात चुकला. हात सगळ्यांचेच चुकतात, पण मी लॅबमध्ये रक्त काढते आणि माझा हात चुकत नाही अशी माझी ख्याती आहे. बारीक शिरांची माणसं, घाबरट माणसं, शिरा लपवून बसलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना माझ्याच खुर्चीकडे पाठवतात. शीर डोळ्यांनी शोधायची नसते. बोटाच्या टोकानं दाबून पाहायची. दबून परत वर येते ती शीर. त्या सकाळी समोर एक जाडजूड गृहस्थ बाही वर करून बसले होते, शीर दोरीसारखी टरारलेली, शिकाऊ पोरीनंही काढावं असं रक्त. मी "बारीक टोचेल हं" म्हटलं, सुई आत घातली आणि माझ्या पाठीमागे हे खाकरले. मी वळून दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. गृहस्थ ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, "बाई, लक्ष कुठंय तुमचं?" खाली पाहिलं तर कातडीखाली निळं पसरत चाललं होतं. मी कापूस दाबून धरला, माफी मागितली, दुसऱ्या हाताचं रक्त काढलं. माझी बोटं गार पडली होती, ते त्यांना हातमोज्यातूनही कळलं असावं.

हे म्हणजे आमचे हे. यांना जाऊन तिसरं वर्ष सरत आलंय. आवाज आला होता तो भिंतीवरच्या टीव्हीतून. उपाशीपोटी आलेल्या लोकांचा वेळ जावा म्हणून तो दिवसभर चालू असतो आणि आम्हाला कुणाला तो ऐकूही येत नाही. बातम्या संपता संपता एक गमतीची बातमी देतात, तसलं काहीतरी होतं. समुद्रकाठचं पाणथळ कुरण, चरणाऱ्या गाई, पाण्यात उभे केलेले लाकडाचे पक्षी आणि खांबावर एक भोंगा. शेकाटे नावाचे पक्षी तिथं पूर्वी घरटी करत, आता येईनासे झालेत, म्हणून त्यांचीच हाक भोंग्यावर ऐकवून त्यांना परत बोलावतायत, असं बातमीतली बाई लाडिक आवाजात सांगत होती. तिच्या बोलण्याच्या खाली ती हाक चालू होती आणि हाक संपली तिथं, खाली, घशातल्या घशात, दोनदा. मग गुडघ्याच्या मलमाची जाहिरात लागली.

यांना खाकरायची सवय होती. खोकला नव्हे, कफ नव्हे. पहिलं आखूड, दुसरं जरा लांब, दाराच्या अलीकडे उभं राहून. चार बहिणींबरोबर एका खोलीत वाढलेला मुलगा. दाराला कडी नव्हती, म्हणून सासूबाईंनी कान पिळून शिकवलं होतं की आत शिरायच्या आधी खाकरायचं. बहिणी आपापल्या घरी गेल्या, दारांना कड्या आल्या, खाकरणं तेवढं राहिलं. रिकाम्या खोलीत जातानाही हे खाकरायचे. मी म्हणायचे, "तुम्ही चोरी करायला गेलात तरी आधी खाकराल." हे म्हणायचे, "मग? घरातल्यांना सावरून बसायला वेळ नको?" सुरुवातीला मला त्याचा वैताग यायचा, मग सवय झाली, मग ते इतकं अंगवळणी पडलं की खाकरणं कानावर आलं की माझे हात आपोआप पदर नीट करायचे, गॅस बारीक करायचे, चेहऱ्यावरचं जे काही असेल ते आवरून घ्यायचे. म्हणजे आम्ही एकमेकांना कधी अचानक असे भेटलोच नाही. आणि हा माणूस एका दुपारी, मी लॅबमध्ये असताना, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आयुष्यभर प्रत्येक दाराशी खाकरलेला माणूस, त्या दाराशी मात्र काही न बोलता आत गेला. लोक माझ्या दुःखाबद्दल बोलतात. दुःख आहेच, पण त्याहून मला राग आहे, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

त्यातून यांचा आवाज कुठेही उरला नव्हता. हे वजनकाटे दुरुस्त करायचे. आठवडाभर दुसऱ्यांच्या काट्यांवर वाकायचं आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर यंत्र टाकून टीव्हीत दिसलेल्या त्याच कुरणात पक्ष्यांचे आवाज घ्यायला जायचं. माइकच्या मागचा माणूस. मुलीच्या लग्नाच्या चित्रणात हे आहेत, पण बोलतायत तिथं मागे वाजंत्री आहे. यांनी फोन उचलला नाही तर निरोप ठेवा असं कंपनीची बाई बोलायची. गेल्या वर्षी मुलगी माहेरी आली होती तेव्हा सगळे फोन, सगळ्या डब्या उलथ्यापालथ्या करून शेवटी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, बाबांचा आवाज तुला आठवतो का गं?" मी म्हटलं, "न आठवायला काय झालं?" खरं सांगायचं तर मला यांची वाक्यं आठवत होती, पण ती माझ्या स्वतःच्याच आवाजात. पक्ष्यांचे घेतलेले आवाज यांनी जाण्याच्या आधीच त्या कुरणाच्या लोकांना देऊन टाकले होते. "पक्ष्यांचं पक्ष्यांना दिलं," म्हणाले होते. मी म्हटलं होतं, बरं झालं, एक कपाट रिकामं झालं.

त्या संध्याकाळी घरी आले आणि कुलूप उघडून आत पाऊल टाकायच्या आधी क्षणभर थांबले. कशासाठी थांबले ते माझं मलाच कळलं नाही. आत फ्रीज घरघरत होता. शेजारच्यांनी नळ सोडला. मी दिवा न लावता भिंतीला टेकून उभी राहिले आणि घरातला एकेक आवाज ओळखून बाजूला काढत गेले, तांदळातले खडे काढावेत तसे, आणि शेवटी उरेल ते यांचं असेल अशी काहीतरी वेडी आशा होती. काही उरलं नाही. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, टीव्हीत कुणीतरी खाकरलं असेल. जगात हजार माणसं खाकरतात." मी म्हटलं, "हजार माणसं हजार तऱ्हेनं खाकरतात." मग ती हळूच म्हणाली, "मी येते दोन दिवसांत, आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ." म्हणजे तिनं सुतावरून स्वर्ग गाठला होता. मी "ये" म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून कुरणाच्या बसमध्ये बसले.

लग्नानंतर एकदाच यांनी मला तिथं नेलं होतं. माझ्या नव्या चपला चिखलानं गिळल्या आणि एक परत दिली नाही. हे पुढे, मी मागे लंगडत, आणि बोलायचं नाही. नवं लग्न झालेलं माणूस आणि बोलायचं नाही. मग एका जागी आम्ही गवतात बसलो होतो, हे कानाला यंत्र लावून, आणि मी यांच्या मानेवरचे घामाचे थेंब मोजत. उठायच्या आधी हे खाकरले. तिथं ना दार ना उंबरठा. मी हसले, तर हे गंभीरपणे म्हणाले, "अगं, एकदम उठलं की दचकतात बिचारे. आधी सांगावं." बसच्या खिडकीतून बाहेर मिठागरं लागली, मग विजेचे खांब, मग नुसतं आकाश, आणि मला त्या मानेचा रंग आठवत राहिला. शेवटच्या थांब्यावर मी एकटीच उतरले. बांधावरून चालताना दोन्हीकडे चर, त्यात आभाळ पडलेलं, आणि चरांपलीकडे सपाट हिरवं कुरण, गाई अंगाखाली सावल्या घेऊन उभ्या. समुद्र कुठे दिसत नव्हता, पण पलीकडच्या बांधामागे तो श्वास घेत होता. चालता चालता मला वाटलं, माझ्या पावलांमागे आणखी पावलं आहेत. मी थांबले की ती थांबत. वळून पाहायचं नाही असं मी ठरवलं, भीतीनं नव्हे. पाहिलं असतं तर ती नसती.

फाटकाशी एक मुलगी भेटली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसात गवत. कुरणाची देखरेख तिच्याकडे होती. मनातल्या मनात मी तिला बूटवाली म्हणून टाकलं. "पक्षी बघायला आलात काकू? दुर्बीण नाही आणली?" मी म्हटलं, "ऐकायला आले." ती हसली, तिला हे आवडलं. लपणाकडे, म्हणजे लपून पक्षी बघायच्या जागेकडे, नेताना ती सारखी बोलत होती. गाई म्हणे इथल्या कामगार आहेत. त्यांनी गवत खाऊन आखूड ठेवलं तरच शेकाट्यांना दूरवरचा कोल्हा दिसतो, आणि दिसला तरच ते जमिनीवर अंडी घालायला धजतात. "पगार नाही, सुट्टी नाही, कामात कसूर नाही," ती म्हणाली, "मला अशी माणसं मिळाली तर काय हवंय." मग तिचा चेहरा उतरला. हा तिसरा मोसम. शेकाटे येतात, लाकडी पक्ष्यांमध्ये उतरतात, जरा टेकतात आणि एकाएकी उडून जातात. का ते कुणाला कळत नाही. कुणी म्हणतं शिकारी पक्षी, कुणी म्हणतं लाकडी पक्ष्यांच्या पायांचा लाल रंग चुकला. तो दोनदा बदलून झाला. या मोसमात एकही घरटं झालं नाही तर प्रयोग बंद आणि ही बाजू कोळंबीच्या तळ्यांना द्यायची असं वरच्यांचं ठरलंय. "एक जोडी बसली तरी पुरे," ती म्हणाली, "एक बसली की बाकीच्या बसतात. पक्षी आपल्यासारखेच, आधी दुसऱ्याला करू देतात."

लपण म्हणजे लाकडाची बुटकी खोली, आत बाक आणि समोर डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट. आत जुन्या लाकडाचा आणि ओल्या लोकरीचा वास. फटीच्या अगदी जवळ पाणी होतं. त्यात लाकडी शेकाटे उभे होते, काळ्या पंखांचे, काडीसारख्या लाल पायांचे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि त्यांच्या मधोमध खांबावर भोंगा. बूटवालीनं ओठांवर बोट ठेवलं. भोंगा सुरू झाला. किक्-किक्-किक्, एक, मग अनेक, एखादं सबंध गाव एकदम बोलायला लागावं तशी हाक. आणि मला कळलं की मी आत्ता ऐकतेय ते यांच्या कानांनी. हे तेव्हा बसले होते तिथं मी बसले होते. वारा यांच्या डाव्या बाजूनं येत होता. यांच्या अगदी जवळ एक पक्षी होता, बाकीचे लांब. एवढी वर्षं संसार केला, पण या माणसाच्या आत बसून जगाकडे कान लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मग हाक थांबली. वाऱ्याची नुसती सळसळ. आणि हे खाकरले. आखूड, मग लांब. माझा हात पदराकडे गेला, पाठ ताठ झाली, मी लपणाच्या दाराकडे पाहिलं. "काय झालं काकू?" बूटवाली कुजबुजली. मी म्हटलं, "काही नाही. शेवटी काय वाजलं ते?" ती म्हणाली, "ते होय? खरखर आहे. जुनं ध्वनिमुद्रण आहे ना. पंखाचा फडफडाट असेल नाहीतर वारा." तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. भोंगा चिरका होता, आणि रोज ऐकलेलं माणूस ऐकत नाही. जगाला ती खरखर होती.

हाक परत सुरू झाली. पुन्हा गाव बोललं, पुन्हा शांत झालं, पुन्हा हे दाराशी आले. मी मोजत नव्हते, पण प्रत्येक वेळी मी तयार होऊन बसत होते, आणि प्रत्येक वेळी ती तयारी वाया जात नव्हती, पुढच्या वेळेपर्यंत शिल्लक राहत होती. मला कशाचीच घाई नव्हती. बूटवालीनं थर्मासातला चहा दिला तो निवून गेला. इथं राहायचं, असा विचार माझ्या मनात अगदी सरळ, बाजारहाटाच्या विचारासारखा आला. कुणाला काही सांगायचं नाही. सुट्टीच्या दिवशी येत जायचं, बाकावर बसायचं, हे येतायत हे ऐकायचं. पुढचं मला काही नको होतं. तेवढ्यात आकाशातून पाच-सहा शेकाटे खाली आले, खरे, हलणारे, पाय मागे लोंबकळत. बूटवालीनं माझं मनगट धरलं. ते लाकडी पक्ष्यांच्या मध्ये उतरले, पाण्यात इकडेतिकडे टोचून पाहिलं. त्यातल्या एका मादीनं चिखलाच्या उंचवट्यावर छाती टेकवून गोल फिरायला सुरुवात केली. "जागा करतेय," बूटवाली माझ्या कानात म्हणाली. भोंगा हाक देत होता. हाक संपायला आली. मला ते कळत होतं, जगात फक्त मलाच कळत होतं, आणि मी बसून राहिले. हे खाकरले. सगळे पक्षी एकदम उठले, पांढरे-काळे, आणि बांधापलीकडे नाहीसे झाले. बूटवालीनं माझं मनगट सोडलं. तिनं कपाळ फटीच्या फळीला टेकवलं आणि तशीच राहिली.

आधी सांगावं, म्हणून हे खाकरत होते. बिचारे दचकू नयेत म्हणून. आणि मेल्यावर तीन मोसम, दिवसभर, दर थोड्या वेळानं हे त्यांना दचकवत होते, हाकलून लावत होते, आपल्याच हातानं आपलं कुरण उजाड करत होते, आणि यांना ते सांगणारं कुणी नव्हतं. यांना कळलं असतं तर काय झालं असतं यांचं? वजनकाट्यात गुंजभर फरक राहिला तर न जेवणारा माणूस. पण मी मनात म्हटलं, सांगायच्या आधी एकदा आणखी ऐकू दे. ऐकलं. मग आणखी एकदा. रक्त काढताना शिरेवर बोट ठेवून जास्त वेळ थांबलं की शीर बुजते, हात सुन्न होतो, मग ती सापडत नाही. मी म्हटलं, "ती खरखर नाहीये. माणूस आहे तो. खाकरतोय." बूटवालीनं मान वर केली. तिनं लॅपटॉप उघडला, कानाला यंत्र लावून तेवढाच तुकडा ऐकला, परत ऐकला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. "तीन वर्षं," ती म्हणाली, "तीन वर्षं आम्ही पायांना रंग देत बसलो. कोण हा बेअक्कल माणूस, आवाज घ्यायला बसून खाकरतो?" मी म्हटलं, "माझे यजमान."

तिनं कानाचं यंत्र काढून ठेवलं. सॉरी म्हणाली, मग पुन्हा म्हणाली. मग तिला बाकीचं कळलं असावं, कारण तिनं विचारलं, "काकू, तुम्ही यासाठीच आला होतात?" मी पदर नीट केला. ती म्हणाली, "मी काढते ते, पण तुम्हाला फोनवर देते. जाणार नाही ते कुठे." चांगली मुलगी. तिला कसं सांगणार की खाकरणं फोनमध्ये ठेवायची वस्तू नाही. ते येण्याच्या आधीचं असतं, त्याच्या मागून कुणीतरी यायचं असतं. इथं, या चिखलात, या वाऱ्यात, हे अजून दाराच्या अलीकडे होते. डबीत भरलं की झालं ते एक आवाज. "काढू ना?" तिनं विचारलं. तिला माझी परवानगी कशाला हवी होती कोण जाणे, पण ती थांबली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर हाक डोंगरांच्या रांगेसारखी दिसत होती, आणि रांग संपल्यावर, सपाटीवर, दोन बारीक उंचवटे, एक आखूड आणि एक लांब. मी त्यांवर बोट ठेवलं. पडदा गार होता. मी म्हटलं, "काढ."

भोंगा परत सुरू झाला तेव्हा उन्हं कलली होती आणि गाई बांधाच्या बाजूला सरकल्या होत्या. आम्ही दोघी फटीशी नाक लावून बसलो. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दोघेच आले. मादी पुन्हा उंचवट्यावर चढली, तिनं छाती टेकवली, पायानं चिखल मागे सारला, फिरली, थांबली, फिरली. हाक चालू होती, चालू होती, आणि मग संपली. नुसता वारा राहिला. माझी पाठ ताठ झाली होती, पदर हातात होता, मान दाराकडे वळली होती. वारा वाहत राहिला. दाराशी कुणी नव्हतं. मग हाक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि तेव्हा, यांना जाऊन तिसरं वर्ष सरत आल्यावर, मला पहिल्यांदा कळलं की हे आता येणार नाहीत.

"काकू," बूटवाली श्वासानंच म्हणाली, "बसली."

मी समोर पाहिलं. ती बसली होती, लांब लाल पाय दुमडून अंगाखाली घेतलेले, आणि आमच्याकडेच बघत होती, इतकी जवळ की फटीशी बोट हललं असतं तरी तिला दिसलं असतं. माझ्या गालांवरून पाणी ओघळून हनुवटीवर येत होतं, तिथून गळ्यात उतरत होतं. पुसायला हात वर केला असता तर ती उडाली असती. म्हणून मी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.